मामाच्या प्रौढ पेशी

बारावीला क्लोनिंगचा वाद शिकवायच्या आधी मी दरवर्षी स्वयंपाकघरात तालीम करतो. पेशंटचाच क्लोन करून गर्भ वाढवायचा आणि त्यातून मूळपेशी काढायच्या, हे चालेल का? की मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेतल्या पेशींवरच भागवायचं? आई भाकरी थापत ऐकायची आणि तिचा निकाल ठरलेला असायचा. "म्हंजी आधी मलाच बनवायचं, मग मलाच मोडायचं? नगं."

मागच्या वर्षी तिच्याच मज्जेनं रक्त बनवणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या मूळपेशी जुळल्या तर आशा आहे. आईनं सरळ हात जोडले. कुणाच्या लेकराच्या जिवावर तिला जगायचं नव्हतं. मी समजावलं, यात गर्भाला कुणी हात लावत नाही, प्रौढ माणसाच्या पेशी घेतात, आणि सख्ख्या भावाच्या, म्हणजे वालूरच्या मामाच्या, जुळायची शक्यता जास्त.

"वालूरच्या? तो कवा प्रौढ झाला? त्यापरीस गर्भातल्या बऱ्या."

इतक्या वर्षांचं तत्त्व बाईनं एका दमात गुंडाळून ठेवलं! धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बहीणभावाचा दावा सेलूच्या कोर्टात चालू आहे. दोघं बोलतात तेही वकिलामार्फत. हातभर मातीपायी आई जाते की काय, या विचारानं मला रागही आला आणि भीतीही वाटली. तिच्या नकळत मामाला फोन लावला. आईसाठी तुमच्या पेशीचं काम आहे, परभणीला दवाखान्यात या, एवढं सांगेपर्यंत रेंज गेली.

आमच्याकडे कोर्टाच्या तारखेलाही पेशीच म्हणतात, हे जीवशास्त्राच्या मास्तराला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीच्या कपड्यात, मोटारसायकलवर मागे वकील बसवून हजर. दवाखान्यात कसली पेशी ठेवली, म्हणून तो माझ्यावरच डाफरला. मी सगळं सांगितलं. वकिलांनी लगेच सुचवलं, काही द्यायचंच तर आधी धुऱ्याचं लिहून घ्या. मामानं त्यांना चहा प्यायला पिटाळलं आणि आत आईच्या खाटेपाशी गेला.

आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मामा बाही वर सारून स्टुलावर बसला.

"अक्का, दावा चालू राहू दे. पर तू गेलीस तर मी भांडू कुनासंग?"

आई भिंतीकडे बघतच मला म्हणाली, "त्याला इचार, जेवलाय का. उपाशीपोटी सुई टोचली की लहानपनापासून आडवा पडतोय."