मापाचा ब्लाउज

"हात वर कर गं," शिंपीणबाई म्हणाल्या. माझ्या आधी आलेल्या कॉलेजातल्या मुलीचा हात खांद्यापर्यंतच आला. सैल बाहीतून काखेतल्या लालबुंद गाठी दिसल्या. "रोज आंघोळ करतेस ना?" बाईंनी विचारलं. "दोनदा," ती पुटपुटली. बाईंनी तिच्यादेखत टेप पदराने खसाखसा पुसली.

माझं डोकंच फिरलं. अकरा वर्षं मी हेच ऐकलं. साबण बदल, आंबे बंद कर, सब्जा पी. दवाखान्यात माझ्या काखेतली गाठ गळू समजून चिरली, ती पुन्हा आली. शेवटी त्वचेच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, की केसांच्या मुळाशी आतूनच सूज येते. ती मळाने होत नाही आणि दुसऱ्याला लागत नाही. एवढं साधं वाक्य! तोवर मी स्वतःचीच कातडी घासून घासून सोलली होती. आणि ही पोर चोरी पकडली गेल्यासारखी ओढणी सावरत होती.

"तुमचा मापाचा ब्लाउज द्या," बाई माझ्याकडे वळल्या. माप द्यावं लागू नये म्हणून मी दर वेळी जुना ब्लाउज आणते. आज तो पिशवीतच ठेवला.

"अंगावरच माप घ्या," मी म्हणाले आणि हात उचलला. तोही खांद्यापर्यंतच आला.

"आता पुसा टेप."