ताईला काय कमी होतं?

आमच्या घरासारखी काळजी अख्ख्या चांदा जिल्ह्यात कुणी घेतली नसेल. थोरल्या ताईचा एक पाय लहानपणी तापात लुळा पडला, तेव्हापासून आम्ही तिला काडी उचलू दिली नाही. शाळेतही घातलं नाही. तेवढेच जाण्यायेण्याचे कष्ट वाचले. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात रोवणी आली, की घरच्या-शेजारच्या साऱ्या बाया भाताचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, लावायला बांधीत, चिखलाच्या खाचरात, उतरत आणि ताई कडेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून कावळ्यांपासून त्यांच्या शिदोऱ्या राखी. एवढी मानाची जागा सोडून तिला चिखलात उतरायचं होतं!

"तुले काऊन कष्ट पायजेत? काय कमी हाये तुले?" बाबा विचारत. उत्तर ऐकायला मात्र थांबत नसत.

मी सोळा वर्षांची आणि आगाऊ. एकदा बाबा बाजाराला गेलेले पाहून मी घरातला जेवायचा पाट शेतावर नेला. रोवताना मागे मागे सरकायचं असतं. ताई पाटावर बसली, चांगल्या पायाने रेटा देत चिखलावरून मागे सरकत गेली आणि बांधीचा सबंध कोपरा रोवून मोकळी झाली. बाया हातातलं काम सोडून बघत राहिल्या.

बाबा परतले ते थेट बांधीवर. अपंगाच्या हातचं धान पोचट निघतं, हे ज्ञान त्यांना कुठे मिळालं देव जाणे. त्यांनी शेजारच्या काकूंना ताईचे पऱ्हे उपटून पुन्हा लावायला सांगितलं. ताई चिखलाने माखलेली, मान खाली घालून बसली. मला बाबांचा भयंकर राग आला.

काकू वाकल्या, रांग पाहिली आणि पुन्हा ताठ झाल्या.

"भाऊ, हे तं सरळ हाये. वाकडी माही हाये. ते उपटू का?"

बाया खळखळून हसल्या. बाबा नुसते खाकरले आणि घराकडे चालू लागले. आमच्याकडे यालाच परवानगी म्हणतात.

पुढे नागपूरला माझं व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू झालं. ज्याला जसं जमेल तसं काम करता यावं, यासाठी धडपडायचं शास्त्र. ते शिकून मी जन्मभर शाळांशी, कचेऱ्यांशी भांडले, की ताईसारख्यांनाही आत घ्या. प्रवेशाच्या मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं होतं, हेच का शिकायचंय? मी सेवा, त्याग वगैरे पाठ केलेलं म्हणून दाखवलं. साहेब खूश झाले. खरं कारण ऐकून ते हसले असते.

रोवणीच्या त्या संध्याकाळी ताई ओसरीवर आडवी झाली आणि बाबांना नीट ऐकू जाईल अशी कण्हली, "कंबर लय दुखून राह्यली वो माय!" आयुष्यात पहिल्यांदाच ती दमली होती, आणि तिचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.