भागीमावशीच्या म्हशीचं चित्र

भागीमावशी आमच्या कार्यशाळेत आली की आधी छापयंत्राच्या लोखंडी रुळावर हात ठेवून विचारायची, “जेवलास का रे?” मग तोच प्रश्न मला. माझा नंबर कायम दुसरा.

धसईजवळच्या एका बंद भातगिरणीत आम्ही चौघांनी चित्रं छापायची जागा थाटली होती. कुणीही यावं, लिनोच्या मऊ, रबरासारख्या तुकड्यावर चित्र कोरावं, शाई लावून कागदावर छापावं. मावशी पहिल्यांदा आली ती पापडाचं पीठ घेऊन. रूळ बघून तिला वाटलं, गावाची पापड लाटायची सोय झाली. मी नको म्हटल्यावर तिने विचारलं, “मंग ह्याचा उपेग काय?” दुसऱ्या दिवशी मात्र ती लिनो मागून आपली म्हैस कोरायला बसली. चंदीचं उजवं शिंग अर्धं तुटलेलं होतं. पंधरा दिवस खपून मावशीने तेही हुबेहूब कोरलं.

आणि चित्र पुरं झालं त्याच आठवड्यात चंदी हरवली. ती गाभण होती. दोन दिवस रान पालथं घालून मावशी आली तेव्हा तिने यंत्राची चौकशीसुद्धा केली नाही. “छाप,” एवढंच म्हणाली. आम्ही खाली फोन नंबर टाकून भराभर कागद छापले आणि धसईच्या बाजारापासून मुरबाडच्या एसटी स्टँडपर्यंत चिकटवले. छापलं की चित्र उलटं उमटतं, हे आम्ही रोज लोकांना शिकवायचो. त्या दिवशी आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

दोन दिवसांनी मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. त्याच्या अंगणात एक म्हैस येऊन राहिली होती. तोंड कागदावरचंच, पण शिंग उजवं तुटलेलं आणि चित्रात डावं. म्हणजे ही तुमची नव्हे, एवढंच कळवायला त्याने फोन केला होता.

आम्ही जीप करून गेलो. तो भला माणूस कागद हातात धरून अडून बसला. दुसऱ्याची म्हैस तुम्हाला कशी देऊ, म्हणाला. चंदीनेही मावशीला ओळख दाखवली नाही. मी उलट्या छपाईबद्दल समजावू लागलो, तेवढ्यात मावशीने त्याच्या हातातून कागद घेतला, पालथा केला आणि उन्हासमोर धरला. शाई आरपार दिसली. तुटकं शिंग उजवीकडे गेलं.

त्याने कागद पाहिला, चंदीला पाहिलं. “असं हाय व्हय,” म्हणत दावं सोडलं.

परतताना मी माफी मागितली. मावशी म्हणाली, “म्हस गावली ना? मंग झालं.”

पुढच्या आठवड्यात ती नवऱ्याला घेऊन हजर. म्हाताराही हरवला तर चित्र तयार असावं, असा तिचा विचार. काका रोज दाढी करून ताठ बसायचे, मावशी मान वर करून बघायची, खाली घालून कोरायची. चौथ्या दिवशी तिचा हात थांबला.

“चाळीस वर्सं याला भात वाढला,” ती मला म्हणाली. “भुवईवर येवढा वण हाय, आज दिसला.”

मग हत्यार बाजूला ठेवून ती काकांना विचारू लागली, कधी लागलं, कशानं लागलं. मी शाईचा डबा बंद केला आणि बाहेर जाऊन बसलो.