स्टिकरखालचं नाव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मला आमच्या लॅबमधल्या बाई आठवतात. आईवडिलांनी मला पदवीपर्यंत शिकवलं. काम शिकवलं ते बाईंनी.

नौपाड्यातल्या त्या लॅबमध्ये मी लागलो तेव्हा तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर, एवढीच माझी ओळख होती. शीर सापडायची नाही, सुई दोनदा टोचावी लागायची. पेशंट गेला की बाई मला पडद्यामागे बोलवायच्या आणि सांगायच्या, सुई नीट घातलीस, पण दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवलास, त्याने रिपोर्ट बिघडतो. चुकलं त्याच दिवशी सांगायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मनात काही नसायचं.

दहा वर्षांनी मी त्यांचाच इनचार्ज झालो, आणि त्याच वर्षी लॅबमध्ये स्टिकरं आली. पूर्वी रक्ताच्या नळीवर पेनने नाव लिहायचं. आता काउंटरवरून प्रत्येक पेशंटसाठी रेघारेघांचं एक स्टिकर छापून यायचं, खाली अगदी बारीक अक्षरात नाव. ते पेशंटसमोरच नळीला लावायचं. पुढचं सगळं मशीन वाचणार. आमच्या सहा जणांच्या टीमला हे शिकवायची जबाबदारी माझी होती.

"सफरचंदाला लावतात तसलं हे," बाई म्हणाल्या. "रक्ताला कशाला?"

सगळे हसलो. पण बाई शिकल्या. फक्त एक सवय राहिली. त्या आधी पेनने नाव लिहायच्या, नळ्या स्टँडमध्ये ठेवत जायच्या आणि गर्दी ओसरली की सगळी स्टिकरं एकदम, त्या नावांवरच चिकटवायच्या.

तिसऱ्याच दिवशी मला शंका आली. एका स्टिकरची कड नखाने उचलली, तर खाली बाईंच्या अक्षरात दुसरंच नाव. दोन बायकांच्या स्टिकरांची अदलाबदल झाली होती. मी गुपचूप नवी स्टिकरं छापून लावली. तेव्हापासून मशीनवर जाण्याआधी बाईंच्या नळ्या मी रोज तपासायचो. बाकीच्यांना चुका तोंडावर सांगत होतो. बाईंच्या कामाच्या मासिक मूल्यमापन फॉर्मवर मात्र 'सुधारणा' या रकान्यात दर महिन्याला लिहिलं, 'आवश्यकता नाही'. यालाच मी आदर समजत होतो.

तीन महिन्यांनी चुलत्यांच्या दिवसकार्याला मी गावी गेलो. त्या एका दिवशी दोन माणसांचे साखरेचे रिपोर्ट उलटसुलट गेले. एकाच्या डॉक्टरांना संशय आला, पुन्हा तपासणी झाली, म्हणून कुणाला अपाय झाला नाही. पण लॅबच्या मालक डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. समोर माझे फॉर्म पडले होते.

बाई शांत होत्या. त्या म्हणाल्या, माझी पद्धत पहिल्या दिवसापासून हीच आहे आणि आजवर एकदाही चुकलेलं नाही, याला विचारा. खोटं बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा घडलं असतं. मी खरं सांगितलं.

बाई माझ्याकडे वळल्या. "किती वेळा?"

"आठवड्यातून एकदोनदा."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला कसं सांगणार, बाई?"

"मी तुला सांगायचे ना रे."

डॉक्टरांनी त्यांना नळ्यांपासून बाजूला करून काउंटरवर बसवलं. माझी चूक मोठी आहे, असं मी म्हणालो. डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं आणि माझी खुर्ची तशीच ठेवली. आठवड्याभरात बाईंनी राजीनामा दिला. निवृत्तीला दोन वर्षं होती. निरोपाचा कार्यक्रम नको म्हणाल्या. आता मी टीममध्ये कुणाला 'छान केलंस' म्हणालो, तर तो खरंच का म्हणून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतो.

पुढे कळलं की कोपरला, घराजवळच्या एका छोट्या सेंटरवर बाई रक्त घेण्याच्या कामाला लागणार आहेत. मी फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. मग हे पत्र पाठवलं:

बाई,

तुम्ही फोन का उचलावा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. माफी समोर येऊन मागेन, तुम्ही येऊ दिलंत तर. कोपरच्या सेंटरवरही स्टिकरंच आहेत, म्हणून आज फक्त ते लिहितो, जे तिसऱ्या दिवशीच सांगायला हवं होतं.

तुमच्याइतका हलका हात आमच्यात अजून कुणाचा नाही. चूक होते ती नंतर. तुम्ही नळ्या साठवता आणि स्टिकरं एकदम लावता. त्यावरचं नाव बारीक असतं, ते तुम्ही वाचत नाही, नळ्या ज्या ओळीने ठेवल्या त्या अंदाजाने लावता. मधे एखादी नळी सरकली की पुढचं सगळं चुकतं. जवळचा चष्मा लावा. पेशंट खुर्चीतून उठायच्या आत त्याला नाव विचारा, स्टिकरवर वाचा, लावा, मगच पुढच्याला बोलवा. बाहेर रांग वाढेल, लोक कुरकुरतील. कुरकुरू द्या.