मटारच्या पाकिटामागे

ईरा, निशांत — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमचे आजोबा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलेत, त्यांनाही माहीत नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? दूर आहात म्हणून असेल. वाचताना तुमचे चेहरे मला दिसणार नाहीत.

मागच्या आठवड्यात ईराने फोनवर विचारलं, वजनासाठी ते इंजेक्शन घेऊ का. तुमची आई मध्येच म्हणाली, "आजीलाच विचार, ती सांगेल." मी काय सांगणार याची तिला खात्री होती — पहाटे उठा, चाला, साखर सोडा. हे ऐकतच ती मोठी झाली. मी म्हणाले, विचार करून कळवते. विचार कसला करायचा होता?

कुमुदआजी तुम्हाला आठवत असेल. टाउनशिपमधल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात वॉकर धरून उभी असते, तुम्ही गेलात की हातावर शेव ठेवते. आजोबा आणि तिचे यजमान कारखान्यात एकाच विभागात होते. आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून. निवृत्तीनंतर आम्ही टाउनशिपला लागूनच अवधपुरीत घर बांधलं. तिचे यजमान गेले, पण मुलगा त्याच कारखान्यात लागला, म्हणून ती टाउनशिपमध्येच राहिली. सकाळी आम्ही पाच-सहाजणी तिथल्या मैदानाला फेऱ्या मारायचो. सगळ्यांत पुढे मी — वेळेवर, पायात बूट, साडीवर स्वेटर. सगळ्यांत मागे कुमुद — गुडघ्यावर हात ठेवत, हसत. फिरून झालं की गेटवरच्या ठेल्यावर पोहे-जिलबी. ती खायची, मी नाही.

"ताई, तुमचं पथ्य तर तुमच्या फ्रीजलासुद्धा पाठ झालंय," म्हणायची.

तिचे गुडघे पार गेले होते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आधी वजन आणि साखर खाली आणा. तिची एकच इच्छा होती — कुणाचा हात न धरता चालायचं. चालून वजन उतरेना, कारण धड चालताच येत नव्हतं. शेवटी त्यांनी तिला ते आठवड्याचं इंजेक्शन लिहून दिलं. पेनासारखं असतं, एका पेनात महिनाभराचं औषध.

ते पेन माझ्या फ्रीजमध्ये राहायचं.

"घरी ठेवलं की सून विचारणार, मग मुलगा म्हणणार, इस उमर में पतली होके क्या करना है, मग पूरा कॅम्पस," ती म्हणाली. आणि माझ्यावर तिचा भरवसा होता. खोक्यातला बारीक अक्षरांचा इंग्रजी कागद मीच तिला वाचून दाखवला. फ्रीजमध्ये ठेवा. गोठू देऊ नका. गोठलं तर वापरू नका. मीच वाचलं, मीच मराठीत समजावलं. एवढं लक्षात ठेवा.

दर रविवारी फिरून ती माझ्याकडे यायची. तिचा हात थरथरायचा, म्हणून पोटाला सुई मीच टोचायचे. कापूस, स्पिरिट, सुई, सगळं ओळीने मांडून.

आणि ती उतरू लागली. आधी चेहरा, मग दंड, मग चाल. ठेल्यासमोर थांबेनाशी झाली — "मनच होत नाही हो ताई." जे मन मारायला मी सगळं आयुष्य घालवलं, ते तिचं आपोआप होईनासं झालं. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणते ते? माझं वजन लग्नापासून जवळजवळ तेवढंच आहे. जे कधी वाढलंच नाही, त्याचं कौतुक कोण करणार? बायका आता कुमुदच्या भोवती चालायच्या. काय खाता, कधी खाता. आणि ती सांगायची — ताईंच्या मागे फिरून उतरलं. श्रेय मला द्यायची. खोटं श्रेय. ते मला सुईसारखं टोचायचं.

एक दिवस आजोबा बाजारातून आले आणि सहज म्हणाले, "गेटपाशी कुमुदवहिनींना मी ओळखलंच नाही. किती छान दिसतात." मला ते असं शेवटचं कधी म्हणाले होते? आठवून पाहिलं. आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी — लिहून टाकते — ते पेन दारातल्या कप्प्यातून काढलं आणि वर फ्रीझरमध्ये ठेवलं, सोललेल्या मटारच्या पाकिटामागे. शनिवारी बाहेर काढलं, वितळू दिलं, नॅपकिनने कोरडं पुसलं, जागेवर ठेवलं. बाहेरून काही कळत नव्हतं. रविवारी कुमुद आली, पदर बाजूला करून बसली. मी स्पिरिट लावलं आणि सुई टोचली. "तुमचा हात किती हलका आहे," ती म्हणाली.

एकदाच केलं असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं नाही. तिने पुढचं पेन आणलं, तेही मी मटारमागे ठेवलं. त्याच्या पुढचंही.

तिची भूक परत आली. ती घाबरली. आधी लपवून खाल्लं, मग माझ्यासमोर बसून रडली — "ताई, माझ्यातच खोट आहे. जीभच ताब्यात नाही." मी तिच्या पाठीवर हात फिरवला. काय म्हणाले असेन? म्हणाले, शिस्त लागते गं.

वजन वाढलं, साखर चढली. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला हे औषध लागू पडत नाही, बंद केलं. पुढे तिचं हृदय दुबळं निघालं, आणि गुडघ्यांसाठी भूल देण्याची जोखीम नको, असं ठरलं. ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. तिचं हृदय माझ्यामुळे बिघडलं का, मला माहीत नाही. वेळेवर ऑपरेशन झालं असतं, तर आज ती मैदानावर असती, एवढं माहीत आहे.

आणि मैदानावर बायका पुन्हा मला विचारू लागल्या. मला बरं वाटलं. हेही लिहायलाच हवं — बरं वाटलं.

तेव्हा ईरा, औषध की चालणं, हे तुझ्या डॉक्टरांना विचार. मला विचारू नकोस. माझं चालणं अजून चालू आहे, वजन अजून तेवढंच आहे. त्या चालण्यात काय काय होतं, ते तुला आता ठाऊक आहे.

मी रोज संध्याकाळी कुमुदकडे जाते. आल्यागेल्याला ती मला दाखवून सांगते, "यांचं ऐकायला हवं होतं. शॉर्टकट नाही चालत." मी शेजारीच बसलेली असते. सून म्हणते, आई, तुम्ही बसा, मी करते. कुमुद ऐकत नाही. एका हाताने वॉकर धरून ती ओट्याशी उभी राहते आणि माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळा करते.

मी तो पिते.