अकरा वाजताचं आरमार

मी डोंगरातला माणूस. सफाळे स्टेशनच्या पूर्वेला चढ लागतो, तिथे आमची पावसावरची भाताची जमीन आहे. समुद्र तसा फार लांब नव्हता, पण तिकडे जायला काही कारणच पडलं नाही. ओढा भरून वाहिला की शाळेला सुट्टी, एवढाच माझा आणि पाण्याचा संबंध.

घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. पालघरच्या कॉलेजचा प्रवेश अर्जसुद्धा माझ्या शाळेतल्या गुरुजींनी भरून दिला, रांगेत माझ्याबरोबर उभे राहिले. ते उपकार मी विसरलेलो नाही. इतिहासात बी.ए. झालो, बी.एड. केलं, आणि नोकरी लागली ती नेमकी शिरगावजवळच्या समुद्रकाठच्या शाळेत. वर्गाच्या खिडकीतून होड्या दिसतात. विषय दोन, इतिहास आणि भूगोल. भरती-ओहोटीचा धडाही मीच शिकवतो. टेबलावर मोसंबं म्हणजे पृथ्वी, लिंबू म्हणजे चंद्र. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते मला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

दोन वर्षांपूर्वी नौदल दिन जवळ आला तेव्हा मुख्याध्यापिका बाईंना मी म्हटलं, "आरमाराचा इतिहास फळ्यावर किती दिवस शिकवायचा? या वेळी पाण्यावर दाखवू." कल्पना अशी, की नववीची बारा मुलं-मुली मावळे होऊन खऱ्या होडीतून येतील, शिरगावच्या किल्ल्याजवळच्या किनाऱ्यावर उतरतील आणि झेंडा लावतील. हे झालं जुनं आरमार. मग आजच्या नौदलावर एक खरा नौसैनिक बोलेल.

बाई हो म्हणाल्या, पण एका अटीवर. प्रत्येक मावळ्याच्या अंगात लाइफ जॅकेट हवं. त्यामुळे आमचे मावळे बाराबंदीवर नारिंगी फुगे चढवून लढणार होते.

खरा नौसैनिक गावातच होता. नौदलातून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी गाठलेले आजोबा. मी त्यांना घेऊन शाळेकडे निघालो, तेव्हा वाटेत त्यांच्याच वयाचे दोघे जाळं विणत बसले होते.

"मास्तर, त्याला कुठं नेता?" एकाने मान वर न करता विचारलं. "तो जहाजावर आचारी होता."

"कांद्यांबरोबर लढलाय तो," दुसरा म्हणाला. "डोळ्यांत पानी आलं, पन मागं हटला नाय!"

आजोबा हसले आणि चालत राहिले. पुढच्या वळणावर मात्र थांबले.

"ऐकलंत ना? चाळीस वर्षं हेच चाललंय. मी लढाईत होतो म्हटलं की हसतात, म्हणून सांगायचंच सोडून दिलं. तुमच्यासाठी बोलेन मी. पण सगळं गाव असणार. माझं हसं होता कामा नये, मास्तर. कार्यक्रम नीट झाला पाहिजे."

"अगदी नीट होईल," मी म्हणालो. शब्द दिला.

आणि तयारीही तशीच केली. एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, आपली लहान होडी दिली. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी, शनिवारी सकाळी अकरा वाजता रंगीत तालीम ठेवली. काय सांगू, सरूच्या झाडांपर्यंत पाणी आलेलं. होडी वाळूला अलगद टेकली, मुलं टुणकन उतरली, तीन मिनिटांत किल्ला आमचा. मी घड्याळ बघून वहीत लिहिलं, 'अकरा. उत्तम.'

तांडेल दोर गुंडाळत होता. "पुढच्या शनिवारी पन अकरालाच काय, मास्तर?"

"अकरालाच. मिनिट इकडेतिकडे नको."

त्याने समुद्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाला. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला सात दिवसांनी कळलं.

पुढच्या शनिवारी अख्खं गाव किनाऱ्यावर लोटलं. एकही बोट बाहेर गेलेली नव्हती. माझा ऊर भरून आला. आपल्या कार्यक्रमासाठी लोकांनी धंदा बंद ठेवला! खरं कारण नंतर समजलं. अर्ध्या चंद्राच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, त्याला इथे भांग म्हणतात, आणि भांगाला इथल्या बऱ्याच बोटी बंदरातच असतात. माझ्यासाठी कुणी काही बंद ठेवलं नव्हतं.

प्रमुख पाहुणे बोईसरच्या एका कारखान्यातले साहेब. त्यांच्या शेजारी आजोबा, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, पदकांची डबी मांडीवर ठेवून बसलेले. ठीक अकराला मी माइकवरून म्हणालो, "पाहा, आपलं आरमार येत आहे!"

सगळ्यांनी पाहिलं. आरमार येत होतं, पण फार लांबून. कारण पाणीच लांब गेलं होतं. मागच्या शनिवारी जिथे होडी टेकली होती तिथे आता एक कुत्रं निवांत झोपलेलं होतं. दीडशे-दोनशे पावलांवर होडी एकदा हलली, वाकडी झाली आणि चिखलात बसली. आतून बारा मावळे जिवाच्या आकांताने "हर हर महादेव" ओरडत राहिले. होडी तसूभर हलेना.

पहिल्यांदा मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग ते पसरत गेलं. पाहुण्यांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "मास्टरजी, ये इंटरवल है क्या?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी आजोबांकडे बघू शकत नव्हतो. तेवढ्यात जाळं विणणाऱ्यांपैकी एकाचा आवाज आला, "अरे आचारी, जा की! भजी तरी तळून दे त्यांना!"

आता मात्र सगळा किनारा हसला. ज्याची त्या माणसाला भीती होती तेच मी, वहीत वेळ लिहून, त्याच्यासमोर आणून ठेवलं होतं.

आजोबा उठले. मला वाटलं, घरी निघाले. पण त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला.

"हसा," ते म्हणाले. "आमचं जहाजपण असंच बसलं होतं."

हसणं लगेच थांबलं नाही. ते थांबायची वाट बघत उभे राहिले.

"एकाहत्तरच्या लढाईत. पूर्वेकडच्या किनाऱ्यावर फौज उतरवायची होती. आपल्यासारखी होडी नाय, मोठं जहाज, पुढचं तोंड उघडून सैनिक उतरतात असं. किनारा लांबच होता, तेवढ्यात वाळूच्या उंचवट्यावर बसलं. सगळ्यांना वाटलं, पाणी कमी हाय. पहिले जवान सामानासकट उतरले. उंचवट्याच्या पुढे खोल होतं." त्यांनी माइक या हातातून त्या हातात घेतला. "डोंगरातली पोरं होती. त्यांना पोहता येत नव्हतं. काही वर आलीच नाहीत. मी आचारीच होतो, खोटं सांगत नाय. पण त्या दिवशी दोर धरायला आचारीपण लागले. मी दोर धरला होता."

मीही डोंगरातलाच. मलाही पोहता येत नाही.

आजोबांनी माइक तोंडाजवळ घेतला आणि होडीकडे पाहून एकदम वेगळ्याच, भरदार आवाजात म्हणाले, "तांडेल! कुणी उडी मारायची नाय. आधी बांबूनं तळ बघ. पुढं, मागं, दोन्ही बाजूंना."

तांडेलाने मुकाट्याने बांबू खुपसला. चारी बाजूंना खुपसून झाल्यावर ओरडला, "घोटाभर पानी! चिखल गुडघ्याला, खाली घट्ट हाय!"

"दोर न्या," आजोबा म्हणाले.

दोर घेऊन सगळ्यात आधी चिखलात उतरले ते जाळं विणणारे दोघे. मागून आणखी सात-आठ जण गेले. होडीपासून सुक्या वाळूपर्यंत माणसांची रांग उभी राहिली आणि दोर धरून एकेक मावळा पडत-धडपडत येऊ लागला, कमरेपर्यंत काळा, वर नारिंगी. मी पँट दुमडून रांगेत जाऊन उभा राहिलो. झेंडा पोचायला पाऊण तास लागला. किल्ला पडला तेव्हा पाहुण्यांनी स्वतः उभं राहून टाळ्या वाजवल्या.

दुपारी मी तांडेलाला गाठलं. "अहो, तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाही?"

"तुमी भूगोलाचे मास्तर! मी सातवी नापास," तो म्हणाला. "मना वाटलं, पोरांनी चिखलातून चालत यायचा सीन हाय. लढाईत चिखल असतोच."

आजोबांनी मला आपल्या ओट्यावर बसवून हिशेब शिकवला. तिथीला पाऊणाने गुणायचं, भरतीची वेळ येते. अमावास्या पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. मागचा शनिवार अमावास्येचा होता. कार्यक्रमाचा सप्तमीचा, म्हणजे सव्वापाच.

"मग सप्तमीला सकाळी अकराला काय?"

"ओहोटी," मी म्हणालो. मोसंबं आणि लिंबू आठवून मान खाली गेली.

"आता विसरणार नाही तुम्ही," ते म्हणाले, आणि पदकांची डबी तशीच बंद घेऊन आत गेले. डबी उघडायची राहूनच गेली होती.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर आम्ही दोघे त्याच वाटेने निघालो. जाळं विणणारे तिथेच बसलेले.

"ए आचारी," एकाने हाक मारली. आजोबा सवयीने हसून पुढे निघाले. "अरे थांब ना. एक विचारायचं हाय. जहाज बसलं त्या दिवशी जेवायला काय केलं होतंस?"

आजोबा थांबले. "खिचडी."

"मंग?"

"सगळी उरली."

विणायची सुई तेवढी दोन-तीनदा खालीवर झाली. मग त्याने बाजूला सरकून जागा केली आणि जाळ्याचं एक टोक आजोबांपुढे धरलं.

"धर. दोर धरता येतो ना तुला?"

आजोबांनी चपला काढल्या आणि बसले. मी म्हटलं, मी येतो. तिघांपैकी कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.