आतून लावलेली कडी

गेल्या हिवाळ्यात मी लातूरहून नांदेडला दोन दिवसांसाठी एकटीच गेले. हे वाक्य आज कागदावर जितके सरळ दिसते, तितक्या सरळपणे ते तेव्हा कुणाच्याच गळी उतरले नव्हते. आमच्याकडे माणूस परगावी जातो तो लग्नाला, मयताला, दवाखान्यात किंवा कोर्टाच्या तारखेला. निव्वळ जायचे म्हणून जाणे, तेही बाईने, हे कुणाच्या हिशेबात बसत नव्हते.

"नांदेडात कोण हाय आपलं?" सासूबाईंनी सुपातली तूरडाळ निवडता निवडता विचारले.

"कुणी नाही."

"मंग?"

"म्हणूनच."

त्यांनी एक खडा चिमटीत धरला, उजेडात नीट पाहिला आणि टाकून दिला. "आपल्याला न वळखणारे लोकं लातुरात बी लई हायेत. गंजगोलाईच्या बाजारात जाऊन उभी राहा दोन दिवस. तिकीट बी लागायचं न्हाई."

मला काय हवे होते, ते त्यांना सांगणे अवघड होते. एक खोली, तिच्या दाराला आतून कडी आणि ती लावून आत मी एकटी, एवढेच ते होते. माहेरी मी दोन बहिणींच्या मधोमध झोपले, वसतिगृहात चौघींत, आणि लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत घरातली अशी एकही रात्र आठवत नाही की दाराबाहेरून कुणी "झोपलीस का गं?" असे विचारून मला जागे केले नसेल. शब्दांवर जीव असणाऱ्या बाईला शांततेचा एकही तुकडा स्वतःच्या नावावर असू नये, हे मला अलीकडे टोचू लागले होते.

बेत अगदी काटकसरीचा होता. बस बायकांच्या अर्ध्या तिकिटाची, जेवण गुरुद्वाऱ्यातल्या लंगरचे, शहर पायी बघायचे, आणि पैसे मोडायचे ते फक्त खोलीवर. स्टँडजवळच्या एका लॉजवर फोन लावला.

"किती जण?"

"एक."

"एक फॅमिली. बच्चे किती?"

"एक माणूस. मी."

पलीकडे वहीची पाने उलटल्याचा आवाज आला.

"मिस्टर मागून येऊन राहिले का?"

"नाही."

"मॅडम, घरी काही भांडण झालं का?"

शेवटी मॅनेजर "मिस्टरांना फोन द्या" या मुद्द्यावर येऊन थांबले. यजमान तेव्हा जेवत होते. त्यांनी डाव्या हाताने फोन कानाला लावला. "हाव, माझ्याच मिसेस... परवानगी? अहो, त्या मला विचारत न्हाईत, सांगतात. आता तुम्हाला बी सांगूनच राहिल्यात. देऊन टाका खोली, मी बी असंच करतो." आणि त्यांनी भाकरीचा पुढचा घास शांतपणे मोडला. खोली मिळाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आपा आल्या. आमची आणि त्यांची भिंत एक आहे, आणि माझ्या अंगावरचे सगळे ब्लाउज त्यांच्याच मशीनवर शिवलेले आहेत. त्यांच्या हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा होता. "भाभी, नांदेडला चाललाव ना? माझी बडी बहीण तिथंच राहती. शेंगदाण्याची चटणी हाय, बस इत्ताच डब्बा."

मी हो म्हटले आणि वहीतल्या बेतात एक ओळ वाढवली, 'डबा देणे, पंधरा मिनिटे.' इतकी भाबडी ओळ मी कोणत्याही कवितेत लिहिलेली नाही. आलेला डबा आमच्याकडे रिकामा परत जात नाही, हे मी जन्मापासून जाणते. घालण्याजोगे काही होईपर्यंत शेजारणीचा डबा मी स्वतः आठ आठ दिवस अडवून ठेवला आहे. तरीही मी पंधरा मिनिटे लिहिली.

सकाळची बस चाकूर ओलांडून पुढे निघाली तेव्हा उन्हाला नुकती ऊब येत होती. खिडकीतून वाळलेल्या तुरीचा खरखरीत वास आत यायचा आणि मधूनच डब्यातल्या लसणाला भेटायचा. कंडक्टरने तिकीट फाडताना माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे दोनदा पाहिले. मी तिथे पिशवी ठेवली, तेव्हा त्याचे समाधान झाल्यासारखे वाटले.

नांदेडला उतरल्यावर डबा देऊन मोकळे व्हावे, म्हणून मी लॉजवर न जाता आधी आपांच्या बहिणीकडे गेले. त्यांना मी मोठ्या आपा म्हटले. त्यांनी दार उघडले, एका हाताने डबा घेतला, दुसऱ्याने माझ्या खांद्यावरची पिशवी काढली, आत नेऊन कपाटात ठेवली आणि कपाट लावून टाकले.

"मी लॉजवर उतरणार आहे," मी म्हणाले.

"लॉजवर? लातूरची भाभी आली अन् लॉजवर झोपली, असं बहिणीला कोन्या तोंडानं सांगू? बसा. वांगी आणलेत. बगारा बैंगन करते. रात्रभर मुरतंय, सकाळी डबा भरून देते."

"सकाळी लवकर मला घाटावर जायचं आहे."

"आमचे हे रिक्षातून सोडतेत. मी बी येते."

"मला रात्री उशिरापर्यंत वाचायची सवय आहे."

"वाचा की. आमी लाइट लावूनच झोपतो."

मी जी सबब पुढे करीन तिच्यावर त्यांच्याकडे उपाय तयार होता, आणि प्रत्येक उपाय इतका मायेचा की माझी सबब मलाच खोटी वाटू लागली. परातीत वांग्यांचा ढीग, भाजलेल्या तिळाचा वास आणि त्या कपाटात माझी पिशवी. खोली हातची गेली, हे मला स्वच्छ दिसत होते. मग जे सासूबाईंना, यजमानांना, कुणालाच बोलले नव्हते, ते मी त्या दहा मिनिटांपूर्वी भेटलेल्या बाईंना सांगितले.

"आपा, मला आतून कडी लावून एकटीला झोपायचं आहे. आजवर कधी झोपले नाही."

वांग्याला चीर देणारा त्यांचा हात थांबला.

"कवाच न्हाई?"

"कधीच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग छताकडे, जणू आपल्याच आयुष्यातल्या खोल्या एकेक करून उघडून बघत असाव्यात. "या अल्ला," त्या हळूच म्हणाल्या, "मी बी न्हाई की." मग उठल्या, कपाट उघडले आणि पिशवी माझ्या हातात दिली. "असं आधीच बोलायचं ना. सबबी कायला सांगून राहिलाव? जा. पन डबा रिकामा देणार न्हाई. उद्या दुपारी स्टँडवर घेऊन येते."

खोली लहान होती. फिनाइलचा वास, पिवळा दिवा, खिडकीखाली गाड्यांच्या घोषणा. कडी बसेना. दार किंचित वर उचलल्यावर ती 'खट्' करून आत शिरली, आणि त्या एका आवाजाने सारे शहर बाहेर राहिले. या क्षणासाठीच मी एवढा खटाटोप केला होता. आणि मी काय केले? चादर झटकून पुन्हा घातली, टेबल ओल्या रुमालाने पुसले, कोपऱ्यातले जाळे काढले, आणि घरी दूध कुणी तापवले असेल, याचा विचार करीत बसले. ते सगळे आवरून झाल्यावरच शांतता माझ्या शेजारी येऊन टेकली. रात्रभर मला कुणी विचारले नाही, झोपलीस का गं. म्हणून मी झोपले.

पहाटे घाटावर गोदावरी धुक्याखाली होती. पाणी दिसत नव्हते, फक्त पायऱ्यांना लागणारी त्याची ओली चाहूल. दुरून गुरुद्वाऱ्यातले कीर्तन येत होते. माझ्या आसपास पुष्कळ माणसे होती, आणि त्यांतल्या एकालाही माझ्याकडून चहा नको होता.

दुपारी मोठ्या आपा स्टँडवर आल्या. घाट, गुरुद्वारा यांतले त्यांनी काही विचारले नाही.

"लावली का कडी?"

"लावली."

"मंग?"

इतकी वर्षे शब्द जमवलेल्या मला एवढेच सुचले, "दार थोडं वर उचलावं लागतं. मग बसते."

पाककृती समजून घ्यावी तशी त्यांनी मान हलवली. "अन् लॉज स्टँडच्या कोन्या अंगाला म्हणलाव?" मी बोट दाखवले. त्या बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डबा माझ्या हातात ठेवला. तो स्टीलचा नव्हता. जुना, पितळी, कडीचा होता.

"हा आपांचा नाही."

"तो ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. हा माझा हाय. आता तुमाला परत आणावा लागंल."

घरी आल्यावर सासूबाईंनी डबा उचलून तळाशी कुणाचे नाव आहे का ते पाहिले. मी सगळे सांगितले, कडीचे सोडून. त्यांनी वांगी पातेल्यात काढली, अर्धी आपांकडे पाठवली, पितळ चिंचेने लखलखीत घासले आणि डबा फळीवर पालथा घातला.

"म्हंजे हाय की आपलं कुणीतरी नांदेडात," त्या म्हणाल्या. "पुन्यांदा कवा जातीस? रिकामा डबा न्यायचा न्हाई, आत्ताच सांगून ठेवते."